ओपन सोर्स परवान्यांचे खटले: कोर्टातले शब्द आणि कोडमधला पुरावा

ओपन सोर्स परवान्यांवरचे (कोड सगळ्यांना पाहू, बदलू आणि वाटू देणाऱ्या परवान्यांवरचे) निकाल ओळीने वाचले, तर 'जीपीएल कोर्टात टिकते का?' या लाडक्या प्रश्नातला दम लवकरच निघून जातो. जीपीएल हा त्यातला एक प्रसिद्ध परवाना: कोड वाटायचा तर त्याचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोडही, द्यायचा. म्युनिकच्या जिल्हा कोर्टाने २००४ मध्येच, लिनक्सच्या नेटफिल्टर फायरवॉलचे प्रोग्रॅमर हॅराल्ड वेल्टे विरुद्ध साइटकॉम ही कंपनी या प्रकरणात, जीपीएलच्या आधारे मनाई हुकूम कायम केला होता. प्रतिवादीलाही परवाना अवैध ठरवून घेण्यात फारसा फायदा नसतो. परवाना गेला की त्याच्या हातातली परवानगीही जाते आणि मागे उरतं ते साधं कॉपीराइट उल्लंघन. त्यामुळे भांडण होतं ते बारीक गोष्टींवर: हे कलम अट आहे की नुसतं वचन, या ओळी नेमक्या कोणाच्या, आणि दिलेल्या सोर्समधून बाजारातली तीच बायनरी (मशीनवर चालणारी तयार फाइल) तयार होते का. यातल्या जवळजवळ प्रत्येक कायदेशीर शब्दाखाली एक तांत्रिक वस्तुस्थिती असते आणि ती सिद्ध करण्याचा भार कोणावर तरी पडतो. शब्द समजून घ्यायचे ते याच अंगाने.

वाटप कधी झालं म्हणायचं

जीपीएलची जबाबदारी वापराने येत नाही, वाटपाने येते. कंपनीने जीपीएल कोड बदलून आपल्याच सर्व्हरवर चालवला, तर कोणालाही सोर्स द्यावा लागत नाही. तोच कोड राउटरमध्ये घालून विकला की प्रत्येक नग म्हणजे एक वाटप. फर्मवेअरचं, म्हणजे उपकरणात बसवलेल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट डाउनलोडला ठेवणं हेही वाटपच, आणि हे विसरलं जातं. उपकरणाच्या खोक्यात सोर्सची लेखी हमी असते, पण सहा महिन्यांनी आलेल्या अपडेटचा सोर्स कुठेच नसतो. ब्राउझरकडे पाठवलेली जावास्क्रिप्टसुद्धा वाटपात मोडते. 'आमची तर वेबसाइट आहे' हे उत्तर तिथे चालत नाही.

आवृत्ती ३ मध्ये 'वाटप' या शब्दाऐवजी वेगळी संज्ञा योजली आहे, कारण 'वाटप' या शब्दाचा अर्थ देशोदेशीच्या कॉपीराइट कायद्यांत वेगवेगळा आहे. शिवाय फक्त तुमच्यासाठीच काम करणाऱ्या कंत्राटदाराकडे कोड पाठवायची सोय तिच्यात स्पष्ट लिहिलेली आहे.

एजीपीएल या जीपीएलच्या भावंड परवान्याचं कलम १३ मात्र नेटवर्कवरच्या वापराला हात घालतं. ते कलम लागू होतं ते तुम्ही प्रोग्रॅम बदलला असेल तर. बदल न करता एजीपीएल सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालवणाऱ्यावर त्या कलमाचा भार नाही. बदल केला असेल, तर नेटवर्कवरून त्याच्याशी संवाद साधणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्याला त्या बदललेल्या आवृत्तीचा सोर्स ठळकपणे देऊ करावा लागतो. 'बदल' म्हणजे काय यावर वकील आणि इंजिनिअर दोघेही अडखळतात. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पोर्ट क्रमांक टाकणं वेगळं आणि सोर्समध्ये पॅच (कोडमधला बदल) लावून बिल्ड करणं, म्हणजे त्यातून बायनरी तयार करणं, वेगळं. यातलं काय झालं ते बिल्ड सर्व्हरवरच्या नोंदींतून दिसतं, आणि त्या नोंदीच नसतील तर प्रतिवादीला आपली बाजू मांडणं जड जातं.

अट की वचन

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा फरक हाच. परवाना म्हणजे परवानगी. परवानगीच्या हद्दीबाहेर जाऊन कॉपी केली तर ते कॉपीराइटचं उल्लंघन. परवानगीच्या हद्दीत राहून एखादं वचन मोडलं तर तो करारभंग. फरक पैशांत आणि उपायांत पडतो. करारभंगात वादीला प्रत्यक्ष नुकसान दाखवावं लागतं, आणि जे सॉफ्टवेअर फुकट दिलं जातं त्याचं नुकसान मोजायचं कसं? उल्लंघनात मनाई हुकूम मागता येतो आणि अमेरिकेत कायद्याने ठरवलेली भरपाईही.

जेकबसेन विरुद्ध कॅट्झर हा खटला यासाठी वाचावा. जेएमआरआय हे मॉडेल रेल्वे चालवण्याचं जावा सॉफ्टवेअर, परवाना आर्टिस्टिक लायसन्स. त्यातल्या डिकोडरच्या व्याख्यांच्या फायली दुसऱ्या बाजूने आपल्या व्यापारी उत्पादनात घेतल्या. लेखकांची नावं नाहीत, कॉपीराइटच्या सूचना नाहीत, परवान्याची माहिती असलेल्या कॉपीइंग फाइलचा उल्लेख नाही, मूळ कुठून घेतलं ते नाही आणि काय बदललं तेही नाही. खालच्या कोर्टाने मनाई हुकूम नाकारला. त्याचं म्हणणं, परवाना इतका सैल आहे की श्रेय न देणं हा फार तर करारभंग. फेडरल सर्किटने (वरच्या अपील कोर्टाने) १३ ऑगस्ट २००८ रोजी तो आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं. परवान्यातले 'असं केलं तरच' या अर्थाचे शब्द कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अट निर्माण करतात, आणि पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचं आर्थिक हित नाही असं होत नाही, हे या निकालाने सांगितलं. पुढे २०१० मध्ये तडजोड झाली आणि प्रतिवादीने १ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

निकालाचं वजन ओपन सोर्सवाले जरा जास्तच फुगवतात. परवान्यातलं प्रत्येक वाक्य आपोआप अट होत नाही. नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने २०१० मध्ये एमडीवाय विरुद्ध ब्लिझार्ड या खेळाच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात म्हटलं, की अट मोडल्याने कॉपीराइटचं उल्लंघन व्हायचं असेल तर त्या अटीचा संबंध कॉपी, बदल, वाटप अशा कॉपीराइटमधल्याच हक्कांशी हवा. सोर्स द्या, सूचना ठेवा या जीपीएलच्या अटी थेट कॉपी आणि वाटपाशी बांधलेल्या आहेत. 'हे सॉफ्टवेअर वाईट कामासाठी वापरू नका' छापाच्या हौशी परवान्यांचं मात्र या कसोटीवर काय होईल याची मला शंका आहे.

जीपीएल आवृत्ती २ चं कलम ४ अट म्हणूनच घडवलेलं आहे: परवान्यात सांगितल्याशिवाय कॉपी, बदल, वाटप करता येणार नाही, तसा प्रयत्न केला तर हक्क आपोआप संपतात. जर्मन कोर्टांनी याला त्यांच्या दिवाणी कायद्यातली विसर्जक अट मानलं. अट मोडली की हक्क त्याच क्षणी मूळ धन्याकडे परत. म्हणून जर्मनीत जीपीएलची प्रकरणं मनाई हुकमापर्यंत झपाट्याने जातात.

फ्रान्समध्ये हाच प्रश्न सुटायला फार वेळ लागला. आंत्रूव्हेर विरुद्ध ऑरेंज हा दावा २०११ मधला. लासो ही जीपीएलखालची लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) ऑरेंजने सरकारी पोर्टलच्या कामात वापरली होती. पॅरिसच्या कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं, की तुमच्यात परवाना म्हणजे करार आहे, मग उल्लंघनाचा दावा कसला? अपिलातही तेच झालं. सर्वोच्च स्तरावरच्या कोर्टाने ५ ऑक्टोबर २०२२ रोजी ते फिरवलं. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी पॅरिसच्या अपील कोर्टाने उल्लंघन मान्य करून बुडालेल्या कमाईपोटी ५ लाख युरो आणि शिवाय इतर रकमा द्यायला लावल्या. लासोचे मालक तीच लायब्ररी व्यापारी परवान्यावरही विकत होते, म्हणून बुडालेली कमाई मोजायला माप होतं. दुहेरी परवाना देणाऱ्यांची बाजू भरपाईच्या टप्प्यावर भक्कम असते ती यामुळे.

करारभंगाचा रस्ता अमेरिकेतही बंद नाही. आर्टिफेक्स विरुद्ध हॅनकॉम या घोस्टस्क्रिप्टच्या (पीडीएफ फायली हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) प्रकरणात २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने उल्लंघन आणि करारभंग हे दोन्ही दावे पुढे जाऊ दिले. सही नव्हती तरी. परवान्याचे शब्द जाहीर होते आणि ते मान्य असल्याखेरीज वापरण्याचा हक्क नव्हता, एवढं त्या टप्प्याला पुरलं. प्रतिवादीने मांडलेला अडथळा असा होता, की संघराज्याचा कॉपीराइट कायदा राज्याच्या करार-कायद्यावर वरचढ आहे, म्हणून करारभंगाचा दावा टिकत नाही. याला उत्तर द्यायचं तर करारात कॉपीराइटपेक्षा काहीतरी जास्तीचं दाखवावं लागतं. सोर्स देण्याचं बंधन हे ते जास्तीचं. कॉपीराइट कायदा कोणालाही सोर्स द्यायला लावत नाही.

या ओळी कोणाच्या

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, लिनक्स कर्नलचं (या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) उल्लंघन झालं म्हणजे कर्नलचा कोणीही प्रोग्रॅमर दावा लावेल आणि जिंकेल. प्रत्यक्षात वादीला स्वतःचा हक्क दाखवावा लागतो, आणि सामूहिक कोडमध्ये हे सगळ्यात किचकट काम आहे.

कर्नलचे एक लेखक ख्रिस्टोफ हेलविग विरुद्ध व्हीएमवेअर हे प्रकरण इथेच अडलं. व्हीएमवेअरचा स्वतःचा बंद कर्नल, आणि त्याला जोडलेलं व्हीएमकेलिनक्स नावाचं मॉड्यूल, ज्यात लिनक्सचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) वापरण्यासाठी लिनक्सचाच कोड होता. सगळ्यांना उत्सुकता होती ती दोन्ही मिळून एक डेरिव्हेटिव्ह वर्क (लिनक्सवर आधारलेली कृती) ठरतं का याची. हॅम्बर्गच्या कोर्टाने २०१६ मध्ये त्या प्रश्नाला हातच लावला नाही. हेलविग यांनी लिहिलेला नेमका कोणता संरक्षणयोग्य भाग व्हीएमवेअरच्या उत्पादनात आहे, हे कोर्टाला पटेल असं मांडलं गेलं नाही, म्हणून दावा फेटाळला. २८ फेब्रुवारी २०१९ रोजी अपीलही गेलं. गिट रिपॉझिटरीकडे (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्याकडे) बोट दाखवून 'सगळा इतिहास तिथे आहे' एवढं म्हणणं पुरत नाही. कोर्ट गिट चालवून पाहणार नाही.

मग काय लागतं? फाइलनिहाय तक्ता: मूळ फाइल, फंक्शनचं नाव, कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश म्हणजे ओळख क्रमांक, तारीख, तो भाग आधी होता की वादीने नवा लिहिला, आणि प्रतिवादीच्या उत्पादनात तो कुठे दिसतो. गिट ब्लेम, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी आज्ञा, हे सुरुवातीचं हत्यार आहे, शेवटचं नव्हे. कोणी फक्त इंडेंटेशन (ओळीआधीची रिकामी जागा) बदललं तरी ब्लेममध्ये त्याचं नाव येतं. फाइलचं नाव बदललं की मूळ लेखक दिसेनासा होतो. जागा बदललेल्या ओळी ओळखणारे आणि फक्त रिकाम्या जागांतले बदल वगळणारे पर्याय लावून चालवायचं, आणि तरीही मेलिंग लिस्टवरच्या पॅचशी ताडून पाहायचं. २००५ आधीचा कर्नलचा इतिहास गिटमध्ये मुळातच नव्हता. त्या काळच्या ओळींसाठी जुन्या पॅचांचाच आधार घ्यावा लागतो.

दुसरी चाळणी संरक्षणयोग्यतेची. अमेरिकेत १९९२ च्या कॉम्प्युटर असोसिएट्स विरुद्ध आल्टाय या निकालापासून तीन पायऱ्यांची पद्धत रूढ आहे: प्रोग्रॅमचे अमूर्ततेचे थर पाडा, मग त्यातलं कार्यक्षमतेने, हार्डवेअरच्या गरजेने किंवा सार्वजनिक मालमत्तेतून आलेलं गाळून टाका, आणि उरलेल्याची तुलना करा. ड्रायव्हरच्या कोडला ही चाळणी फार बारीक लागते, कारण रजिस्टरचे पत्ते आणि क्रम चिपने ठरवलेले असतात. हजार ओळी जुळल्या तरी गाळल्यावर हाती किती उरतील हे आधी पाहून घ्यावं.

मालकीच्या कागदांचे प्रकारही इथेच कामाला येतात. कॉपीराइट हस्तांतरण असेल तर प्रकल्प स्वतः वादी होऊ शकतो. योगदान करारात बहुधा फक्त विस्तृत परवाना दिलेला असतो, मालकी लेखकाकडेच राहते. कर्नलमध्ये २००४ पासून वापरात असलेलं उगमाचं प्रमाणपत्र, म्हणजे कमिटखालची 'साइन्ड ऑफ बाय' ओळ, ही फक्त 'हे द्यायचा मला हक्क आहे' अशी ग्वाही. तिच्याने मालकी कोणाकडे जात नाही. आणि लेखकाने तो पॅच नोकरीच्या वेळात लिहिला असेल तर मालक बहुतेकदा त्याची कंपनी. दावा लावल्यावर हे उघड झालं तर वादीच बाद होतो.

अमेरिकी कृतीसाठी (कृती म्हणजे कॉपीराइट असलेली रचना, इथे प्रोग्रॅम) आणखी एक पायरी: कॉपीराइट कार्यालयात नोंदणी झाल्याशिवाय दावा दाखल होत नाही. नुसता अर्ज पुरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये फोर्थ इस्टेट प्रकरणात स्पष्ट केलं. सतत बदलणाऱ्या प्रकल्पाची कोणती आवृत्ती नोंदवायची हा प्रश्न त्यातून येतो. मोठ्या आवृत्त्या तरी नोंदवून ठेवाव्यात, कारण उल्लंघन सुरू होण्याआधी नोंदणी नसेल तर कायद्याने ठरवलेली भरपाई आणि वकिलाची फी सहसा हातातून जाते.

मालकीचा हा सगळा गुंता वळसा घालून टाळण्याचा प्रयत्न सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने व्हिझिओ या टीव्ही कंपनीविरुद्ध केला. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य कोर्टात त्यांनी कॉपीराइटधारक म्हणून नव्हे तर टीव्ही विकत घेणारा ग्राहक म्हणून दावा लावला. म्हणणं असं, की जीपीएल हा लेखक आणि व्हिझिओ यांच्यातला करार आणि ग्राहक त्यातला तिऱ्हाईत लाभार्थी, म्हणून सोर्स मागायचा हक्क ग्राहकालाही आहे. व्हिझिओने प्रकरण फेडरल कोर्टात नेलं. २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने ते राज्य कोर्टाकडे परत पाठवलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राज्य कोर्टाने खटल्याविनाच निकाल द्यावा ही व्हिझिओची विनंती नाकारली. या युक्तिवादात गिट ब्लेमची गरजच पडत नाही, आणि लहान लेखकांच्या दृष्टीने यातली खरी गंमत तीच आहे.

डेरिव्हेटिव्ह वर्क आणि लिंकिंग

यावर इंटरनेटवर जितकं लिहिलं गेलंय त्या मानाने कोर्टात फार कमी ठरलंय, म्हणून थोडक्यात. स्टॅटिक लिंकिंगमध्ये लायब्ररीचा कोड प्रत्यक्ष बायनरीत येतो, तिथे कॉपी झाली हे दाखवणं सोपं. डायनॅमिक लिंकिंगने, म्हणजे लायब्ररी वेगळी ठेवून प्रोग्रॅम चालताना जोडली तरी, आपोआप डेरिव्हेटिव्ह वर्क होतं हे जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत आहे, वरिष्ठ कोर्टाचा नियम नव्हे. एकाच डिस्कवर दोन स्वतंत्र प्रोग्रॅम असणं हे नुसतं एकत्र ठेवणं, आणि जीपीएल स्वतःच त्याला सूट देते. २०२१ च्या गुगल विरुद्ध ओरॅकल निकालात जावाच्या घोषणांच्या (फंक्शनची नावं आणि रूप सांगणाऱ्या) सुमारे ११,५०० ओळी घेणं उचित वापर ठरलं. पण एपीआयला (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याच्या अशा ठरलेल्या रीतीला) कॉपीराइट असतो की नाही हा प्रश्न कोर्टाने बाजूलाच ठेवला. 'एपीआय मोकळं झालं' असं सांगत फिरणाऱ्यांनी तो निकाल पुन्हा उघडावा.

एलजीपीएलचं, म्हणजे मुख्यतः लायब्ररींसाठीच्या सैल जीपीएलचं, वेगळं. आवृत्ती २.१ मध्ये स्टॅटिक लिंक केलंत तर तुमच्या प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्ट फायली (लिंक करण्याआधीचे तयार तुकडे) द्याव्या लागतात, म्हणजे वापरकर्त्याला लायब्ररी बदलून पुन्हा लिंक करता येईल. शिवाय तशा बदलांतले दोष शोधण्यासाठी रिव्हर्स इंजिनिअरिंग करू द्यावं लागतं. बंद सॉफ्टवेअरच्या वापर-करारात रिव्हर्स इंजिनिअरिंगवर सरसकट बंदी असते. ते एक वाक्य एलजीपीएलला छेद देतं आणि वकिलाने आधीच्या मसुद्यातून जसंच्या तसं उचलून घातलेलं असतं.

संपूर्ण आणि जुळणारा सोर्स

आता जिथे सगळ्यात जास्त लोक घसरतात ती जागा. जीपीएल आवृत्ती २ चं कलम ३ संपूर्ण सोर्सची व्याख्या करतं: बायनरीतल्या सगळ्या मॉड्यूलचा सोर्स, इंटरफेसच्या व्याख्यांच्या फायली, आणि बिल्ड व इन्स्टॉलेशन चालवणाऱ्या स्क्रिप्ट. सोर्स बायनरीसोबत दिला नाही तर किमान ३ वर्षं वैध असलेली लेखी हमी द्यावी लागते, आणि ती कोणत्याही तिऱ्हाइताला लागू असते, फक्त ग्राहकाला नव्हे. 'खरेदीची पावती पाठवा' असं उत्तर देणं म्हणजे स्वतःच्याच हमीचा भंग.

फँटेक या मीडिया प्लेअर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध वेल्टे यांच्या दाव्याचा निकाल हॅम्बर्गमध्ये २०१३ मध्ये लागला. सोर्स दिलेला होता, पण तो उपकरणातल्या फर्मवेअरशी जुळत नव्हता, आणि नेटफिल्टर/आयपीटेबल्सचा सोर्स त्यात नव्हता. कंपनी म्हणाली, पुरवठादाराने सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. कोर्टाने ते ऐकलं नाही: विकणाऱ्याने स्वतः तपासायला हवं होतं, त्यासाठी खर्च आला तरी.

तपास कसा होतो हे दोन्ही बाजूंना माहीत हवं. फर्मवेअरची प्रतिमा (सगळं एकत्र बांधलेली फाइल) बिनवॉक या साधनाने फोडली जाते, आतली स्क्वॉशएफएस फाइल सिस्टिम उलगडली जाते. बिझीबॉक्सची (छोट्या उपकरणांतल्या लिनक्स आज्ञांच्या संचाची) बायनरी आपली आवृत्ती आणि बिल्डची तारीख स्वतःच छापते. कर्नलच्या आवृत्तीच्या ओळीत तर बिल्ड करणाऱ्या खात्याचं आणि मशीनचं नाव, जीसीसी या कंपायलरची आवृत्ती, बिल्डचा अनुक्रमांक आणि वेळ, सगळं एकाच ठिकाणी सापडतं. कर्नल बांधताना कॉन्फिगरेशन आतच साठवण्याचा पर्याय चालू असेल तर सोर्ससोबतच्या एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग स्क्रिप्टने ते बाहेर काढता येतं. मग दिलेल्या सोर्समधलं कॉन्फिगरेशन आणि बायनरीतलं कॉन्फिगरेशन यांचा डिफ (फरक) काढायला पाच मिनिटं पुरतात. बायनरीत चालू असलेला ड्रायव्हर सोर्सच्या झाडात नाहीच, असं दिसलं की पुढचं सगळं बोलणं त्या एका ओळीभोवती फिरतं.

जुळणारा सोर्स बिघडण्याची कारणं ठरलेली आहेत. कर्नल डॉट ऑर्गचा दुवा दिला जातो, पण चिप बनवणाऱ्याचे पॅच त्यात नसतात. सोर्स रिलीजच्या ब्रँचवरून (कोडच्या एका फांदीवरून) घेतला जातो आणि फर्मवेअर मात्र आयत्या वेळच्या हॉटफिक्स ब्रँचवरून बांधलेलं असतं. बिल्ड स्क्रिप्ट कंपनीच्या आतल्या सर्व्हरवरून टूलचेन (बिल्डची साधनं) ओढते, बाहेरच्याला तो सर्व्हर दिसतच नाही. किंवा अंतिम प्रतिमा बांधणारी स्क्रिप्ट 'ही आमची' म्हणून वगळली जाते, आणि ऑब्जेक्ट फायली तयार होऊनही त्या उपकरणात घालायच्या कशा हे कळत नाही. जर्मनीत एव्हीएमच्या राउटरवरून २०२३ मध्ये लागलेला दावा एलजीपीएलच्या लायब्ररींच्या याच प्रकारच्या स्क्रिप्टवर होता. दावा लागल्यावर कंपनीने उरलेला भाग दिला.

यावर एकच विश्वासार्ह चाचणी आहे. नवीन व्हर्च्युअल मशीन घ्या, इंटरनेट बंद करा, ग्राहकाला देणार तोच टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) उघडा आणि त्यासोबतच्या सूचनांवरूनच बिल्ड करा. ही चाचणी त्या प्रकल्पावर कधीच काम न केलेल्या माणसाकडून करून घ्या. तयार झालेल्या बायनरीचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) बहुधा जुळणार नाही, कारण वेळेचे शिक्के आणि बिल्डचे पाथ आत जातात. हॅशवर अडून न बसता बायनरीतल्या चिन्हांची (फंक्शन वगैरेंच्या नावांची) यादी, विभागांचे आकार आणि आवृत्तीच्या ओळी ताडाव्यात. आणि हे सगळं फर्मवेअर बाहेर पडण्याच्या दिवशी करावं. तीन वर्षांनी नोटीस आल्यावर तो बिल्ड सर्व्हर भंगारात गेलेला असतो.

सही केलेल्या बूटलोडरचा (फक्त कंपनीने डिजिटल सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) प्रश्न आवृत्तीनुसार बदलतो. आवृत्ती ३ घरगुती वापराच्या उपकरणांसाठी इन्स्टॉलेशनची माहिती, गरज असेल तिथे किल्ल्यांसह, द्यायला लावते. लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स फक्त आवृत्ती २ खाली आहेत, आणि तिच्यातल्या 'इन्स्टॉलेशनच्या स्क्रिप्ट' या शब्दांत किती मावतं यावर अजून तोंडं दोन दिशांना आहेत.

नोटीस, हक्क संपणं आणि दुरुस्तीची मुदत

आवृत्ती २ मध्ये चूक झाली की हक्क लगेच संपतात, मुदत नाही. पुन्हा नवी प्रत घेतली की नवा परवाना मिळतो का, की जुन्या मालकाने माफ करावं लागतं, यावर दोन तट आहेत. आवृत्ती ३ च्या कलम ८ ने ते सोडवलं: उल्लंघन थांबवलं की हक्क तात्पुरते परत येतात, आणि थांबवल्यापासून ६० दिवसांत मालकाने नोटीस दिली नाही तर कायमचे. त्या मालकाकडून पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली, तरीही कायमचे. कर्नलच्या अनेक लेखकांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये एका निवेदनाद्वारे हीच मुदत आपल्या आवृत्ती २ च्या कोडलाही लागू केली. पण ती सही केलेल्यांपुरतीच. तुमच्याकडून दुसऱ्या कोणाला गेलेल्या प्रतींचे परवाने मात्र दोन्ही आवृत्त्यांत शाबूत राहतात.

जर्मनीत नोटिशीसोबत एक कागद येतो: पुन्हा असं करणार नाही, केलं तर दर वेळी दंड. नेटफिल्टरचे माजी योगदानकर्ते पॅट्रिक मॅकहार्डी यांनी हाच मार्ग इतक्या कंपन्यांवर वापरला, की २०१६ मध्ये नेटफिल्टरच्या मुख्य गटाने त्यांना निलंबित केलं. पहिली मागणी किरकोळ असते. सही झाली की दुसऱ्या उत्पादनात, दुसऱ्या आवृत्तीत आणखी एखादी त्रुटी शोधली जाते आणि दंडाची मागणी येते. मुद्दा परवान्याचा राहतच नाही, तुम्ही स्वतः सही केलेल्या कराराचा होतो. असा कागद आला तर सही करण्याआधी आपली बाजारातली सगळी उत्पादनं, जुनी अपडेटं आणि डाउनलोडची मिरर पानं (तीच फाइल ठेवलेल्या दुसऱ्या जागा) तपासून घ्यावीत, आणि हमी त्या एका उत्पादनापुरती व त्या एका घटकापुरती लिहून घ्यावी.

जास्तीचे निर्बंध हा शब्द निओफोरजे या डेटाबेसच्या प्रकरणामुळे गाजला. एजीपीएलला 'विक्री करू नका' अशी पुरवणी मूळ मालकानेच जोडली होती. दुसऱ्यांनी परवान्यातल्याच 'जास्तीचे निर्बंध काढून टाकता येतील' या वाक्याचा आधार घेऊन ती काढली. कोर्टाचं म्हणणं पडलं, की तो अधिकार मूळ मालकाच्या स्वतःच्या अटींविरुद्ध वापरता येत नाही. परवाना लिहिणाऱ्यांचा हेतू असा नव्हता असं मला वाटतं. पण कोडच्या मुळाशी परवान्याची सुधारलेली प्रत दिसली तर ती शब्द न् शब्द प्रमाण प्रतीशी डिफ करून पाहावी, नुसतं शीर्षक वाचून पुढे जाऊ नये.

हाती काय लागतं

अमेरिकेत कायद्याने ठरवलेली भरपाई दर कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, हेतुपुरस्सर उल्लंघनात १,५०,००० पर्यंत. कृतीमागे, प्रतीमागे नव्हे: लाखभर उपकरणं विकली तरी बिझीबॉक्स ही एकच कृती. वेस्टिंगहाउस डिजिटलविरुद्ध २०१० मध्ये बिझीबॉक्सच्या दाव्यात ९०,००० डॉलर मिळाले, म्हणजे ३०,००० ची तिप्पट. प्रतिवादीने लढणंच सोडून दिलं होतं. उल्लंघन करणारे उरलेले टीव्हीही वादीच्या ताब्यात द्यायचा आदेश झाला. मनाई हुकूम मात्र सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या ईबे निकालानंतर आपोआप मिळत नाही, भरून न येणारं नुकसान दाखवावं लागतं.

कंपनीचा स्वतःचा बंद कोड खुला करायचा आदेश कॉपीराइटच्या दाव्यात सहसा होत नाही. पर्याय दोन राहतात, वाटप थांबवा किंवा परवाना पाळा. व्हिझिओच्या दाव्यात म्हणूनच पैसे मागितलेले नाहीत. सोर्स प्रत्यक्ष द्यायला लावावा एवढीच मागणी आहे, आणि ती कराराच्या दाव्यातच बसते. बहुतेक प्रकरणं तडजोडीत संपतात, तेव्हा तडजोडीच्या अटी वाचणं निकाल वाचण्याइतकंच उपयोगी. स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमचे लेखक आणि चेसबेस ही कंपनी यांच्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेल्या समझोत्यात चेसबेसने वर्षभर स्टॉकफिशचा कोड असलेली उत्पादनं वाटायची नाहीत, मग पुन्हा जीपीएलच्या अटींवर सुरुवात करायची आणि परवान्यांचं पालन पाहणारा अधिकारी नेमायचा असं ठरलं. तसा अधिकारी नेमण्याची अट अमेरिकेतल्या बिझीबॉक्सच्या अगदी पहिल्या, २००७ च्या मॉन्सून मल्टिमीडिया प्रकरणातल्या तडजोडीतही होती.